रस्त्यावरचा दिवा, सहकुटुंब

शेरेसाहेबांच्या घरात थंडीच्या दिवसांत पायमोजे गरम मिळायचे. कुणी म्हणेल, यात काय सांगण्यासारखं आहे? पण ज्याने हिवाळ्यातल्या सकाळी गारठलेल्या फरशीवर एका पायावर उभं राहून अर्धवट वाळलेला मोजा चढवलाय, तो असं म्हणणार नाही. हॉलच्या दारामागे, डोक्याच्या उंचीवर, घरातल्या विजेचा जुना मेन बोर्ड होता. लाकडी फळी, तिच्यावर चिनी मातीचे फ्यूज आणि वर पत्र्याचं झाकण. रात्री धुतलेले मोजे त्या झाकणावर पसरले की सकाळी भट्टीतून काढलेल्या पावासारखे निघायचे. शेरेसाहेब त्याला 'आपला उबदार कोपरा' म्हणायचे आणि आल्यागेल्याला दाखवायचे. एकदा तर त्यांनी एका पाहुण्याचा रुमालही आग्रहाने वाळवून दिला होता.

आता गंमत अशी की शेरेसाहेब नोकरीला होते विमा कंपनीत, आणि त्यांच्या टेबलावर यायचे ते आगीचे दावे. त्यांचं खरं आडनाव निराळंच होतं, पण प्रत्येक फायलीवर लाल शाईने शेरा मारण्याची त्यांची हौस बघून ऑफिसने त्यांचं हे बारसं केलं होतं. 'विजेच्या जोडणीकडे अक्षम्य दुर्लक्ष' हा त्यांचा लाडका शेरा. त्यातल्या 'क्ष'ला ते असा काही डौलदार फाटा देत की दावा बुडालेला माणूससुद्धा क्षणभर अक्षरच बघत राही. असा हा माणूस रोज सकाळी मेन बोर्डवर शेकलेले मोजे घालून दुसऱ्यांचं अक्षम्य दुर्लक्ष शोधायला निघायचा.

हे कदाचित असंच चाललं असतं. पण दारावरची घंटा बिघडली, आणि ती दुरुस्त करायला वायरमन आला.

वायरमन म्हणजे लांबलचक, चेहऱ्याने सुतकी माणूस. बोलायची मात्र दांडगी हौस. तो दारात उभा राहिला आणि घंटेकडे न बघता नाक वर करून हवा हुंगू लागला.

"काहीतरी भाजलंय," तो म्हणाला.

"छे, अजून तर मी गॅससुद्धा पेटवला नाही," आतून वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे शेरेसाहेबांची बायको. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणते, आपणही म्हणू.

वायरमनने दार पुढे ओढलं, मोजे पाहिले, झाकणाजवळ तळहात नेला आणि झटकन मागे घेतला.

"किती दिवस गरम आहे हे?"

"दोन हिवाळे," शेरेसाहेब अभिमानाने म्हणाले. "फार सोय झाली हो."

महिनाभर ताप असलेल्या रोग्याने 'बरंच आहे, पांघरूण लागत नाही' म्हणावं आणि डॉक्टरने त्याच्याकडे बघावं, तसं वायरमनने त्यांच्याकडे बघितलं. मग चिमटीने एकेक मोजा उचलून त्यांच्या हातात दिला.

"साहेब, एक घर होतं," तो म्हणाला आणि थांबला. "होतं."

एवढ्यावरच त्याची गोष्ट संपली. त्याच्याकडे अशा पुष्कळ गोष्टी होत्या आणि सगळ्या तिथेच संपत. पुढच्या अर्ध्या तासात त्याने अशी पाच-सहा घरं आणि एक शिलाईचं दुकान जाळून दाखवलं. मग निकाल दिला. हा बोर्ड पूर्ण काढायचा. नवा लोखंडी डबा बसवायचा, त्यात प्रत्येक खोलीचा वेगळा खटका. या घराला अर्थिंग नावाची गोष्टच नाही, म्हणजे वीज कुठे गळाली तर तिला जमिनीत जायला वाट नाही; ती वाट करायची. आणि मुख्य म्हणजे वीज गळतीचा खटका लावायचा. कुठे एवढीशी वीज भलतीकडे निघाली, की तो स्वतःहून पडतो.

"मग करून टाका आज. मी मेन स्विच बंद करतो," शेरेसाहेब बाह्या सरसावत म्हणाले.

"मेन बंद केलात तरी मेनपर्यंत येणारी वायर जिवंतच असते. खांबावरून लाइन तोडायला वीज ऑफिसचाच माणूस पाहिजे. तिकडे अर्ज करा, तुमचा लोड नोंदवून घ्या, तारीख आणा. आणि तोवर..." असं म्हणत त्याने मेन खाली पाडला, सगळे फ्यूज उपटले आणि सरळ स्वतःच्या खिशात घातले.

"अहो, अहो! हे काय?"

"तुमचा भरवसा नाही," वायरमन म्हणाला. "गरम मोज्यांची सवय वाईट." आणि घंटेला हातही न लावता तो निघून गेला.

वायरमन गल्लीच्या टोकाला पोचला नसेल तोच सल्ले यायला सुरुवात झाली. सगळ्यात आधी आले शेजारचे घड्याळवाले काका. घड्याळात सेल घालता येतो म्हणून वीज या विषयावर आपला अधिकार आहे असं ते मानत. "त्यात काय एवढं?" ते म्हणाले. "फ्यूज नेले तर नेले. जाडसर तार घ्या आणि द्या अडकवून. मी तर केसांची पिन लावून दोन वर्षं काढली."

"मग पुढे काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"पुढे काय? भिंत रंगवून घेतली," काका म्हणाले. भिंत का रंगवावी लागली हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. कोपऱ्यावरचे प्लायवूडवाले आले आणि बोर्डापुढे एखादं छानसं धबधब्याचं चित्र लावा म्हणाले. समोर पाणी दिसलं की मनाला भीती वाटत नाही. शेरेसाहेबांनी दोघांनाही चहा दिला आणि दोघांचंही ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं न ऐकल्याबद्दल त्यांना बरं वाटलं. ते फार टिकलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी ते वीज ऑफिसात गेले.

ऑफिसं त्यांना नवीन नव्हती. ते स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला बसणारे. त्यामुळे रांगेत उभे असतानाही त्यांच्या चेहऱ्यावर 'आम्ही खरे आतले' असा भाव होता. खिडकीतल्या बाईंनी ग्राहक क्रमांक टिपला, पडद्याकडे पाहिलं, मग शेरेसाहेबांकडे पाहिलं, परत पडद्याकडे.

"प्रकार?" बाईंनी विचारलं.

"घरगुती."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"तुम्ही घर नाही आहात. तुम्ही रस्त्यावरचा दिवा आहात."

शेरेसाहेबांनी मागे वळून पाहिलं. मागे एक आजोबा होते, आणि तेही दिव्यासारखे दिसत नव्हते.

"कोण? मी?"

"हो. एक दिवा, खांबासकट. हे बघा ना, 'सार्वजनिक रस्ता, दिवा'. आणि तुम्हाला लोड किती पाहिजे?" बाईंनी अर्ज वाचला आणि मागच्या टेबलाकडे वळून म्हणाल्या, "अहो, ऐकलं का, दिव्याला फ्रिज आणि वॉशिंग मशीन चालवायचंय."

मागचं टेबल खो खो हसलं.

"बाई, त्या घरात माणसं राहतात," शेरेसाहेबांचा आवाज चढला. "मी स्वतः राहतो! दर महिन्याला बिल भरतो!"

"दिव्याचं भरता. बिलावर छापलंय की. वाचलं नाही का कधी?"

हे मात्र त्यांना लागलं. लोकांच्या कागदातला हरवलेला अनुस्वार शोधून काढणारा माणूस! त्यांनी खिशातून बिल काढलं. ग्राहक क्रमांकाच्या खालीच, ठळक अक्षरांत, वर्षानुवर्षं ते दिवा होते.

बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी समजावून सांगितलं. आधी दिव्याचं घर करून घ्यायचं. त्यासाठी तपासनीस येऊन बघणार की तिथे खरोखर घर आहे. मग लोड, मग लाइन तोडायची तारीख.

"घर आहे की नाही हे बघायला येणार?"

"साहेब, घर आहे असं तर सगळेच म्हणतात," बाई म्हणाल्या. "पुढचे या."

घरी आल्यावर ही गोष्ट सांगू नये असं शेरेसाहेबांनी रिक्षात पक्कं ठरवलं होतं. पण मेणबत्तीच्या उजेडात जेवताना माणूस हळवा होतो. त्यांनी सांगितलं. वहिनींचा घास हातातच राहिला. मग त्या हसायला लागल्या, आणि ते हसू काही केल्या थांबेना.

"आई, ऐकलंत का? हे दिवा निघाले!" त्यांनी डोळे पुसत सासूबाईंना सांगितलं. "आणि मी इतकी वर्षं विचारतेय, संसारात तुम्ही काय दिवे लावलेत म्हणून."

आई शांतपणे म्हणाल्या, "त्यात हसण्यासारखं काय आहे? मी तर तो जन्मल्यापासून सांगतेय, आमचा कुलदीपक आहे."

बाजू नक्की कुणाची घेतली गेली हे शेरेसाहेबांना कळलं नाही.

बिनविजेच्या घरात दोन दिवस काढल्यावर वहिनींनी हात टेकले. त्या आईंना घेऊन आपल्या बहिणीकडे राहायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "घर झालं की कळवा." काकांनी आपल्या खिडकीतून एक लांब वायर टाकून वीज देऊ केली होती, पण तीही वायरमनने येऊन गुंडाळून परत दिली आणि काकांना एका जळालेल्या घराची गोष्ट सांगितली, जिचा शेवट आपल्याला माहीत आहे. शेरेसाहेब मागे एकटे राहिले, कारण तपासनीस कधीही येऊ शकत होते. त्यांनी ऑफिसातून रजा घेतली. रजेच्या अर्जात कारण काय लिहावं हा प्रश्न होता. खोटं लिहिण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, म्हणून त्यांनी 'घर असल्याचे सिद्ध करण्यासाठी' असं लिहिलं. ऑफिसात तो अर्ज टेबलाटेबलावर फिरला आणि मग मंजूर झाला.

रिकामा वेळ मिळालाच आहे तर कामाची तयारी करून ठेवू, असा एक भलता विचार त्यांच्या मनात आला. वायरमनला भिंतीपाशी मोकळी जागा लागणार. म्हणून त्यांनी हॉलमधलं सगळं सामान मागच्या खोलीत ढकललं. पडदे काढून धुवायला दिले. गालिचा गुंडाळला. भिंतीवरचे फोटोसुद्धा उतरवले. मग धूळ झटकली, हात पुसले आणि दाढी करायला, फोन चार्ज करायला आणि थोडं गरम पाणी मिळतंय का बघायला काकांकडे गेले. काकांकडे गरम पाणी मिळायचं, पण त्याच्या बदल्यात घड्याळांचा इतिहास ऐकावा लागायचा. ते परत आले तेव्हा दारावर एक कागद चिकटवलेला होता.

'दिलेल्या जागी भेट दिली. विजेचा वापर आढळला नाही. सामान आढळले नाही. माणूस आढळला नाही. दोरीवर एक मोजा आढळला. राहता वापर सिद्ध होत नाही. जोडणी कायमची बंद करण्यास हरकत नसावी.'

शेरेसाहेब दाराशीच उभे राहिले, एका गालाला पुसायचा राहिलेला साबण तसाच. 'राहता वापर सिद्ध होत नाही.' हा त्यांचाच शेरा होता! असंख्य फायलींवर त्यांनी तो मारला होता, आणि प्रत्येक वेळी मारल्यावर पेनला टोपण लावून चहा मागवला होता. आपण लिहिलेलं वाक्य दुसऱ्या बाजूने वाचलं की कसं लागतं, याची त्यांना कल्पनाच नव्हती. सकाळपर्यंत ते निदान दिवा तरी होते. आता तेही राहिले नव्हते.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. तीन खिडक्या, एक मोठे साहेब, आणि त्या मोठ्या साहेबांच्या समोर शेरेसाहेबांनी काढलेला तो अत्यंत बारीक आवाज, "सर, मी राहतो हो तिथे." हा आवाज त्यांनी पूर्वी खूपदा ऐकला होता, पण नेहमी टेबलाच्या पलीकडून. दुसरी भेट मिळाली. वार मिळाला. शेरेसाहेबांनी मेहुणीकडे फोन केला आणि हाक मारली, "सगळे या!"

त्या दिवशी त्यांनी कसलीही कसर ठेवली नाही. पडदे लागले, फोटो टांगले, सामान जागेवर आलं. मग त्यांनी घरच्यांना जागा नेमून दिल्या. आई खिडकीशी पेपर वाचणार. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी पातेल्यात काहीतरी ढवळणार. आपण आरामखुर्चीत, हातात पुस्तक, अगदी सहज.

"पातेल्यात काय आहे?" वहिनींनी विचारलं.

"काहीही असू दे. ढवळण्याशी मतलब."

"रिकामं पातेलं ढवळू?"

"आवाज येईल ना छान."

तपासनीस आले. सर्दीने बेजार झालेले, गळ्याला मफलर, मवाळ बोलणं. ते खुर्चीवर बसले, नाक पुसलं आणि खोलीभर नजर फिरवली. पातेलं ठणठणत होतं. आईंनी पेपर उलटा धरला होता.

"साहेब, रागावू नका," तपासनीस म्हणाले, "पण हे सगळं मांडल्यासारखं वाटतंय. मागे एकाने गोदामात आजी आणून बसवली होती. ती आजीसुद्धा अशीच पेपर वाचत होती."

विषय बदलावा म्हणून शेरेसाहेब घाईघाईने उठले. "नवा डबा कुठे बसवणार ते दाखवतो ना तुम्हाला. हे बघा, इथे. या आतल्या भिंतीवर."

पातेल्याचा आवाज थांबला.

"इथे?" वहिनी म्हणाल्या. "इथे माझं कपाट येणार आहे."

"कसलं कपाट?"

"कसलं? चार वर्षं सांगतेय मी!"

"अगं, कपाटामागे डबा चालत नाही. डब्यासमोर मोकळी जागा लागते, वायरमनने सांगितलंय. अंधारातसुद्धा हात पोचला पाहिजे."

"मग डबा दारापाशी न्या. वायरमनने सांगितलं की लगेच पटतं. मी सांगितलेलं कधी पटलंय? सोफ्याचा रंग मी सांगितला होता, तेव्हा काय केलंत?"

"सोफ्याचा इथे काय संबंध?"

"मातकट सोफा! बसलेला माणूस दिसत नाही त्याच्यावर!"

"रंग दुकानदाराने सुचवला होता."

"दुकानदाराचंही पटतं!"

"हळू बोला जरा, पाहुणे आलेत," आई पेपर खाली ठेवून म्हणाल्या. "आणि कपाट-बिपाट काही नको. ती जागा माझ्या शिवणयंत्राची आहे."

"आई, तुमचं यंत्र वापरात नाहीये."

"वापरात नाही म्हणजे टाकून द्यायचं का? मग मलाही..."

"बघ, आता आईला लागलं ना!"

"तुम्ही मध्ये पडू नका. तुमच्यामुळेच घर खांबावर टांगलंय."

तपासनिसांनी दोनदा "अहो" म्हणून बघितलं, एकदा "वहिनी" म्हणून बघितलं. मग त्यांनी नाक पुसलं, मांडीवर कागद ठेवला आणि शांतपणे लिहायला लागले. भांडण सोफ्यावरून शेरेसाहेबांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात पोचलं आणि तिथून कुणी नळ उघडा ठेवला होता इथवर आलं, तेव्हा ते उठले.

"येतो मी."

तिघंही एकदम गप्प झाले. शेरेसाहेबांचा चेहरा पडला. "साहेब, म्हणजे... आमचं?"

तपासनिसांनी कागद पुढे केला. त्यावर एकच ओळ होती. 'निवासी. शंका नाही.'

"पण आत्ताच तुम्ही म्हणालात की मांडल्यासारखं..."

"ते आधीचं," तपासनीस चपला घालत म्हणाले. "हे पुढचं कुणाला मांडता येत नाही. माझ्याही घरी सोफा आहे."

डबा शेवटी दारापाशीच, पण पुढच्या मोकळ्या भिंतीवर बसवायचा असं ठरलं. ते वहिनींनी ठरवलं, आणि मग वायरमननेही तेच सांगितलं, त्यामुळे शेरेसाहेबांना पटलं.

कामाचा दिवस उजाडला. वीज ऑफिसच्या माणसाने खांबावर चढून लाइन तोडली. तरीही वायरमनने टेस्टर आधी दुसरीकडे चालतो का ते बघितलं, मग वायरीला लावला, मग परत लावला. "मेलेल्या वायरीवर विश्वास ठेवणारे मी खूप बघितले," तो म्हणाला. "होते." मग त्याने जुन्या फळीचे स्क्रू सैल केले आणि फळी भिंतीवरून ओढली.

ती अख्खी आलीच नाही. अर्धी त्याच्या हातात राहिली आणि अर्धी कोळशासारखी फरशीवर चुरली. मागची भिंत काळीठिक्कर पडली होती. वायरींवरचं आवरण वितळून थेंबाथेंबाने गोठलं होतं. वायरमनने या खेपेला गोष्ट सांगितली नाही.

शेरेसाहेब ती भिंत बघत राहिले. अशा भिंतींचे फोटो त्यांनी रोज बघितले होते. फाइलला टाचलेले, कोपऱ्यात शिक्का मारलेले. फोटोत भिंतीच्या पलीकडे काय असतं ते दिसत नाही. इथे त्यांना ठाऊक होतं. पलीकडे आईचा पलंग होता, उशी बरोबर याच भिंतीला. ते आत गेले आणि कुणी सांगितलं नसताना पलंग ओढून समोरच्या भिंतीला लावला. आई म्हणाल्या, "अरे, इकडे खिडकीचा वारा येतो." ते म्हणाले, "येऊ दे."

संध्याकाळपर्यंत नवा डबा उभा राहिला. करडा, चकचकीत, एका ओळीत खटके. अंगणात खड्डा खणून अर्थिंगची वायर पुरली गेली. वीज ऑफिसच्या माणसाने लाइन जोडली आणि मग कुठल्या खटक्याने काय जातं ते लिहायचा कार्यक्रम झाला. वायरमन डब्यापाशी, बाकीचे खोल्याखोल्यांत. "गेला?" "गेला!" "आला?" "आला!" मधेच घड्याळवाले काकाही येऊन "गेला, गेला" ओरडू लागले. आपल्याकडचं काही गेलेलं नाही, पण सगळे ओरडतायत म्हणून आपणही ओरडलो, असं त्यांनी नंतर सांगितलं. खटक्यांखालच्या चिठ्ठ्या शेरेसाहेबांनी स्वतः लिहिल्या. अक्षर सुरेखच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं घर अंधारलं.

गळतीचा खटका पडला होता. शेरेसाहेबांनी तो वर केला, तो चालला. थोड्या वेळाने परत पडला. परत वर, परत खाली. वायरमनला बोलावणं गेलं. त्याने येताच खटक्यालाच दोष दिला, तो काढून खिशात घातला आणि तरातरा दुकानात जाऊन दुकानदाराशी कडाडून भांडून दुसरा आणला. तो लावला. सगळे टाळ्या वाजवणार तेवढ्यात तोही पडला. वायरमनचा चेहरा असा काही उतरला की शेरेसाहेबांना बऱ्याच दिवसांनी जरा बरं वाटलं. आपल्या जोडीला कुणीतरी मिळालं होतं.

"म्हणजे खटका बरोबर आहे," वायरमन पुटपुटला. "घरातच काहीतरी गळतंय."

त्याने बाकीचे सगळे खटके बंद केले आणि एकेक चालू करत गेला. हॉल, ठीक. स्वयंपाकघर, ठीक. मागची खोली, ठीक. न्हाणीघर... खट्‌.

"गीझर," वायरमन म्हणाला. तो न्हाणीघरात गेला, गीझरचं खालचं झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिला. "हा कुणी उघडला होता?"

वहिनी छताकडे बघू लागल्या. आई पदराने चष्मा पुसू लागल्या. शेरेसाहेबांनी खाकरून घसा साफ केला. गेल्या वर्षी तो गीझर त्यांनी स्वतः दुरुस्त केला होता. एका रविवारी, एका स्क्रू ड्रायव्हरने, हातात आली ती चिकटपट्टी गुंडाळून. मेकॅनिक न बोलावता! पुढचे आठ-पंधरा दिवस ऑफिसात दुसरा विषय नव्हता.

"पाणी तर गरम येत होतं," ते म्हणाले.

"पाण्यात वीजही येत होती," वायरमन म्हणाला. "थोडीथोडी. जुन्या बोर्डाला ते कळायची सोय नव्हती." मग त्याने वळून विचारलं, "घरात कुणाला कधी काही जाणवलं नाही?"

मग आई हळूच म्हणाल्या, "नळाला हात लावला की झिणझिण्या यायच्या जराशा. पार कोपरापर्यंत. मला वाटलं, वय झालं."

शेरेसाहेब बादली उपडी करून तिच्यावर बसले. "आई, अगं, सांगायचं नाही का?"

"तू एवढ्या कौतुकाने दुरुस्त केला होतास," आई म्हणाल्या. "सगळ्यांना सांगत होतास. म्हटलं, असू दे, तेवढं चालायचंच."

शेरेसाहेबांनी आईचा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, जणू त्यावर कुठे काही लिहिलेलं असावं. वहिनींना टोमणा मारायची याहून मोठी संधी उभ्या आयुष्यात मिळाली नसती. त्यांनी ती सोडून दिली आणि चहा टाकायला आत गेल्या. वायरमन तेवढ्यात भिंतीकडे तोंड करून उगीचच एक स्क्रू पिळत राहिला.

त्याच दिवशी नवा गीझर आला. वायरमनने बसवला, अर्थिंगची वायर जोडली, गळतीचा खटका मुद्दाम पाडून दाखवला, परत वर केला. शेरेसाहेब जवळ उभे होते, पण दोन्ही हात पाठीमागे बांधून. एकदा वायरमनने "जरा तो पाना द्या" म्हटलं, तेव्हा पाना त्यांनी वहिनींना द्यायला सांगितला.

मग आई आंघोळीला गेल्या. न्हाणीघराबाहेर शेरेसाहेब, वहिनी, वायरमन आणि कुणी बोलावलेलं नसताना घड्याळवाले काका असे चौघं रांगेने उभे राहिले. आतून पाण्याचा आवाज आला. डब्यातला खटका हलला नाही. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि आई ओले केस पुसत बाहेर आल्या.

"आई," शेरेसाहेबांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "कसं होतं पाणी?"

आईंनी क्षणभर विचार केला.

"गरम आहे रे छान," त्या म्हणाल्या. "पण आधीच्या पाण्यात कशी तरतरी यायची, ती काही यात नाही."